साहेबांच्या नावावर चढलेले शेअर

रामवाडी, पेण
मे १९९९

आदरणीय मेव्हणे कमळाकरराव यांस दिनानाथचा साष्टांग नमस्कार (साष्टांग यासाठी, की तुमच्या कृपेने सध्या आडवाच आहे).

इकडे सगळं क्षेम. तुमची बहीण अनिता ठणठणीत आहे, आवाजावरून तरी तसंच वाटतं. तुमचं पोट कसं आहे? माघात रोह्याला साखरपुड्यात तुम्ही जिलबी परत केलीत, तेव्हापासून काळजी लागून राहिली आहे. (कंपनीच्या अकाउंटमधला माणूस फुकटचं सहसा परत करत नाही.)

त्याच साखरपुड्यात तुम्ही मला कोपऱ्यात नेऊन हळूच सांगितलंत, की आमच्या मोठ्या साहेबांच्या नावावर कंपनीचे पंचवीस हजार शेअर चढलेत. एवढंच. घ्या म्हणाला नाहीत, नको म्हणाला नाहीत, नुसत्या भुवया उडवल्यात. कमळाकरराव, त्या भुवयांवर मी कारखान्याच्या नव्या पत्र्यांचे पैसे लावले! जुनं छप्पर चाळणीसारखं गळतंय, खाली शाडूच्या कच्च्या मूर्ती, आणि पत्रे आणायला निघालेला मी शेअर घेऊन घरी आलो. नव्वदच्या भावाने.

माझं कुठे चुकलं ते ऐका. आमच्या गणपतीच्या धंद्यात मूर्ती कोणी फुकट उचलत नाही. घरचा गणपती मी माझ्याच कारखान्यातून नेतो, पण आधी पाटावर विडा-सुपारी आणि पुरती किंमत ठेवून. (ती किंमत तुमची बहीण उचलते आणि तिचं पुन्हा दर्शन होत नाही.) मालकाने कुठल्या मूर्तीला पैसे मोजले ते गिऱ्हाइकं बघून ठेवतात आणि तसलीच मागतात. तेव्हा साहेबांच्या नावावर शेअर चढले म्हटल्यावर मी धरून चाललो, की त्या बाबाने पाटावर पैसे ठेवलेच असणार. ज्याला आतली सगळी खबर, तोच खिशात हात घालतोय, म्हणजे माल चोख!

खरा प्रकार मला बाजारातल्या शेअरवाल्या प्रविणने समजावला, तोही भाव चौदावर आल्यावर. म्हणाला, काका, त्यांनी बाजारातून इकत नाय घेतले, त्यांना ऑप्शन होतं. म्हणजे कंपनीनेच लिहून दिलेलं, की बाजारात भाव काहीही असो, तुम्हाला दहा रुपयांत. भाव चढला तर उचला, पडला तर सोडून द्या, पदरचा छदाम जात नाय. साहेबांनी दहाने उचलले आणि मी नव्वदने घेत होतो त्याच आठवड्यात विकून मोकळे झाले. (बहुधा मलाच विकले. ओळख तरी करून द्यायचीत!) आणि हे बक्षीस कशाबद्दल, तर कंपनी उत्तम चालवल्याबद्दल. वा रे वा! आमच्याकडे मूर्तीचं नाक मोडलं तर कारागिराची मजुरी कापतात.

तुम्ही म्हणाल, मी खोटं कुठे बोललो? नाहीच बोललात. पण अकाउंटात तुम्ही बसता, साहेबांनी किती भरले ते तुम्हाला दिसत होतं, आणि तरी गप्प राहिलात, राग त्याचा आहे. पावसाळा तोंडावर आलाय, मी मूर्तींवर प्लॅस्टिक बांधत फिरतोय आणि पत्रे कधी येणार म्हणून अनिता रोज विचारते. तिला अजून काही सांगितलेलं नाही. तुमची अब्रू सांभाळतोय, दुसरं काय.

वहिनींना नमस्कार. आपला लोभ आहे तेवढाच असू द्या, वाढवू नका. वाढलेलं पडतं, हे आता कळलंय.

आपला,
दिनानाथ

ता. क. : खांब गावच्या आमच्या मावसभावाच्या, गुणाजीच्या, हातात सध्या पैसा खेळतोय. माझे शेअर त्याच्या गळ्यात मारावेत म्हणतो. माणूस संशयी आहे, तुमच्याकडे चौकशीला येईल. त्याला इतकंच सांगा, की दिनानाथने स्वतःच्या पदरचे पैसे घालून घेतलेत. अगदी खरं आहे ते. कधी आणि कितीला, हे त्याने विचारलं तरच आठवेना म्हणा. बाकी तुम्हाला शिकवायला नको.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवत होतो तोच गुणाजी दारात हजर. त्याने हेच शेअर होळीलाच घेतलेत हो! मला विचारलंसुद्धा नाही. म्हणतो, तू छपराचे पैसे घातलेस म्हंजे खात्रीच व्हती. माझ्यावर एवढा विश्वास जन्मात कोणी टाकला नव्हता, रडूच आलं मला. तो माझ्याकडे गिऱ्हाईक शोधायला आला होता. मी तुमचा पत्ता दिला. रविवारी आम्ही दोघे येतोय. येताना पत्र्यांचं माप घेऊन येतो.