वरल्या वावराची माती

नालवाडी, वर्धा
२८ ऑक्टोबर १९८८

चि. बंडूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

आईचा गुडघा आता कसा आहे? परवा मी समुद्रपूरला येऊन गेले, तू घरी नव्हतास. तुझ्या सुलोचनेनं गरम भाकर वाढली, आग्रह करकरून. कापूस वेचणीला बाया मिळत नाहीत म्हणत होती. मी कशाला आले होते ते मात्र तिला सांगितलं नाही.

भाऊजी कसे आहेत, हे तू विचारत नाहीस. मीच सांगते. सकाळी दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि खुर्चीवर बसतात. निलंबित इंजिनिअरनं जायचं कुठे? तरी ऑफिसच्या वेळेला सवयीनं उठतात आणि पुन्हा बसतात.

तो रविवार आठव. ह्यांच्या पुलाच्या चढावावरच्या भिंतीमागे भराव टाकायचं काम तुला मिळालं, म्हणून जेवायला आला होतास. ह्यांनी माझी परात घेतली. रेतीचा थर, त्यावर वर्तमानपत्राची पट्टी, पुन्हा रेती, पुन्हा पट्टी. पट्ट्यांची टोकं उभ्या पुठ्ठ्याला चिकटवलेली. वर खलबत्ता ठेवला तरी पुठ्ठा जागचा हलला नाही. "आपल्या भिंतीत लोखंडी पट्ट्या आहेत," हे म्हणाले. "मुरूम पट्टीला घट्ट धरतो, पट्टी भिंतीला धरते. काळी माती चुकूनही नको. पाणी पिऊन फुगते आणि पट्टी निसटते."

तू स्वतः पट्टी ओढून पाहिलीस. "काय बाप्पा, भाऊजी, हे तं जादूच हाय! तुमी फिकर नोका करू, मुरूमच पडन." मी किती हसले होते. त्या भरवशावर हे दुसऱ्या कामावर निश्चिंत गेले.

पावसाळ्यात भिंत पोट सुटल्यासारखी पुढे आली. चौकशीत तू हात जोडून म्हणालास, "सायबानं सांगितलं तेच भरलं जी. त्याईचं डिझाइनच कच्चं होतं." भराव उकरून पाहा, एवढंच ह्यांनी म्हणायचं होतं. म्हणाले नाहीत. घरी आल्यावर मी फार मागे लागले, तेव्हा म्हणाले, "तुला माहेर एकच आहे."

तरी मला वाटत होतं, तू भीतीनं बोलला असशील. तेच विचारायला आले होते. तू भेटला नाहीस, आई भेटली. किती आनंदात होती! "आपल्या वरल्या वावराची माती सरकारच्या पुलाले लागली, बाई! बंडूनं ट्रकात बसवून दाखवाले नेलतं मले. तुह्या बाबानं पाह्यलं पाह्यजे होतं." मी हातातली भाकर ताटात ठेवली आणि उठले.

परतताना एस.टी.तून पुलाशी उतरले. भिंतीच्या सांध्यांतून काळी माती बाहेर आली होती, तिच्यात पऱ्हाटीची, आपल्या कपाशीची मुळं. मुरमाची खाण लांब आणि आपलं वावर जवळ, एवढाच तुझा हिशेब. ती माती मी ओळखणार नाही असं वाटलं तुला? तिच्यात खेळून मी मोठी झाले.

बंडू, चुकला असतास तर मी तुझ्यासाठी ह्यांच्याशीही भांडले असते. पण तू जाणूनबुजून केलंस, माझ्या ताटात जेवून माझ्याच माणसाला बुडवलंस. माझा फार संताप झाला आहे आणि रडूही थांबत नाही.

सोमवारी पुन्हा चौकशी आहे. मी जाणार आहे. ह्यांना सांगितलेलं नाही, सांगितलं तर अडवतील. भराव उकरा म्हणेन, आणि माती कुठून आली तेही सांगेन. भाऊबीज त्यानंतर येते. मी पाट मांडीन. बसायचं की नाही ते तू ठरव.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. आपली माती कामी आली, असंच तिला आणखी चार दिवस वाटू दे.

सोमवारी जबाबाच्या कागदावर जी सही करायची, तीच इथे करते.

सौ. कोकिळा वासुदेवराव देवतळे