तीनशे बारा वेळा उघडलेला अर्ज

३ फेब्रुवारी
आणि वर साहेब मलाच विचारतात, बाई, नवी सोय समजली का? मला! बावीस वर्षं या ऑफिसची रेकॉर्ड रूम सांभाळतेय. रोज लागणाऱ्या फायली टेबलावर. महिनाभर कुणी विचारलं नाही की रॅकवर. तरीही कुणी फिरकलं नाही की दोरी बांधून माळ्यावर. शिडी लाकडी, गुडघे माझे. कधी कुणी मीटिंग घेतली नाही. आता तेच काम करणारं मशीन आणलं, तर मीटिंग काय, बिस्किटं काय!

कंप्युटरवाल्याने फळ्यावर चित्र काढलं. म्हणाला, मावशी, जी फाईल लोक सारखी उघडतात ती मशीन आपणहून वेगवान डिस्कवर ठेवतं. महिनाभर पडून राहिली की संथ डिस्कवर. तीन महिने कुणी हात लावला नाही की टेपवर, आणि ती टेप दुसऱ्या बिल्डिंगमध्ये. मी म्हटलं, म्हणजे टेबल, रॅक, माळा. तो म्हणाला, तेच, पण ऑटोमॅटिक.
चोरलं ते चोरलं, वर मलाच शिकवतोय.

४ फेब्रुवारी
अर्ज दिला. काउंटरवाल्या बाई एप्रिलमध्ये रिटायर होतायत. ती जागा मला पाहिजे. तळमजला, पाठ टेकायला खुर्ची, शिडी नाही. अर्ज बाईंनीच टाइप करून मशीनमध्ये टाकला. पेन्सिलनेही दिलाय म्हणे. पेन्सिल म्हणजे अकाउंटमधला तो काडी. त्याला कसले गुडघे?

५ फेब्रुवारी, दुपार
जेवता जेवता डोक्यात लख्ख उजेड पडला. अर्ज कुणी उघडला नाही तर मशीन तो माळ्यावर टाकणार, आणि माळ्यावर गेलेलं परत खाली येत नाही. ते मला कोण सांगणार?
निश्चय: अर्ज रोज सहा वेळा उघडायचा. बाई जरा उठल्या की त्यांच्या कंप्युटरवर दोन टिचक्या. उघडला, बंद केला. वाचत बसायची गरज नाही, माझाच अर्ज आहे.
पेन्सिलचा अर्ज शेजारीच दिसतो. त्याला बोट लावणार नाही. पडू दे गार.

२० फेब्रुवारी
दोन दिवस राहून गेलं. गुडघा. आज एकदम अठरा वेळा उघडून बाकी चुकती केली. माझी शिस्त मशीनला यायची नाही.

६ मार्च
पेन्सिलचा अर्ज संथ डिस्कवर गेला! कंप्युटरवाल्याकडून काढून घेतलं. संपला माणूस.
घरी सांगितलं. हे म्हणाले, अगं, त्यापेक्षा साहेबांना सरळ जाऊन विचार ना. मी म्हटलं, तुम्हाला टेक्नॉलॉजीतलं कळत नाही, भाजी घ्या.

११ मार्च
साहेबांच्या शिपायाने एक निळं पाकीट आणून दिलं. कुणाचं म्हणून विचारलं. म्हणाला, रेकॉर्ड रूमचं. ठेवलं टेबलावर. इथं आलेलं पाकीट बावीस वर्षांत मी एकदाही फोडलेलं नाही. आपलं काम सांभाळायचं, नाक खुपसायचं नाही. कुणी मागायला आलं की देऊ.

१२ एप्रिल
महिना झाला, निळ्या पाकिटाकडे कुणी फिरकलं नाही. काय एकेक लोक! कामाची कागदं पाठवतात आणि विसरतात. नियमाने रॅक, पण मशीनपेक्षा मी मागे का राहू? थेट माळ्यावर. शिडीवर दोनदा थांबावं लागलं. या शिडीचे दिवस आता थोडेच.

१७ एप्रिल
बोर्डावर मशीनचा रिपोर्ट लागलाय. सगळ्यात जास्त उघडलेली फाईल: माझा अर्ज. तीनशे बारा वेळा! पगाराचा तक्ता दुसरा, नव्वदवर. साहेबांनी किती मनावर घेतलंय! काही वेळा मीही उघडला असेल, दहा-वीस धरा. हे बोटांवर काहीतरी मोजायला लागले. रोजचे सहा, इतके दिवस, म्हणजे... मी त्यांच्या हातात ताट दिलं.
काउंटरच्या खुर्चीसाठी उशी शिवली. आज नेऊन ठेवली.

२२ एप्रिल, सकाळ
खुर्चीवर पेन्सिल. बाईंकडून काम शिकून घेतोय. माझ्या उशीवर बसून!

२२ एप्रिल, दुपार
साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. म्हटलं, तीनशे बारा वेळा वाचलात आणि जागा त्या काडीला? साहेब म्हणाले, बाई, मी एकदाच वाचला, मंजूर केला आणि खाली तसं लिहिलं. बाकी तुम्हीच उघडत होतात. मला वाटलं, जागा घ्यावी की नाही, याचा विचार चाललाय.
कंप्युटरवाल्याला बोलावलं. त्याने माउसचं चाक फिरवलं तर अर्जाखाली आणखी एक पान. लाल अक्षरं. त्याने मोठ्याने वाचलं: मंजूर. पत्र रेकॉर्ड रूममध्ये पाठवले आहे. वीस एप्रिलपर्यंत सही करून परत करावे, अन्यथा जागा दुसऱ्या अर्जदारास देण्यात येईल.
म्हणाला, मावशी, तीनशे बारा वेळा उघडलात, एकदाही खाली गेला नाहीत?
खाली पान असतं हे सांगायचं कुणी? फळ्यावर चित्र काढताना बरा उत्साह होता.

२२ एप्रिल, संध्याकाळ
माळ्यावर चढले. निळं पाकीट जिथल्या तिथे. दोरी माझी, गाठ माझी, तीही दुहेरी. दातांनी सोडवावी लागली. वर माझंच नाव. सही केली. साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. सोबत कागदावर हाताने नवा अर्ज. मशीनच्या भरवशावर आता काही टाकणार नाही. नक्कल इथे उतरवून ठेवते, म्हणजे उद्या कुणी नाही म्हणायला नको.

साहेब, पत्र वेळेत मिळालं होतं, ऑफिसच्या नियमाप्रमाणे जपून ठेवलं होतं. यात माझी चूक शून्य. पेन्सिलला उठवा. ते जमत नसेल तर निदान शिडी बदला आणि माझी उशी परत करा. उत्तर शुक्रवारी पाचच्या आत पाहिजे. माझ्या हातात आणून द्या. रेकॉर्ड रूममध्ये पाठवू नका, तिथं गेलेलं काही लवकर सापडत नाही.