नव्या शर्टाचं ठिगळ

४ मार्च
माणूस आपल्यातला आहे, एवढ्यावरच त्याला मत द्यावं का? सकाळपासून डोकं खाजवतेय, उत्तर येत नाही. पदवी मिळाली, अक्कल बहुतेक टपालाने येणार!

प्रश्न आईने काढला. मी निवडणुकीला उभ्या असलेल्या आमच्या साहेबांचं प्रचारपत्रक तिला मोठ्याने वाचून दाखवत होते — माझं पहिलं छापलं जाणारं लिखाण! 'कोपराला ठिगळ लावलेला शर्ट घालणारा हा माणूस आपल्यातलाच आहे.' वाक्य माझं. कालच्या सभेत साहेबांनी हात उंचावला, ठिगळ दिसलं, टाळ्या पडल्या; तिथेच सुचलं. आईने शिलाई मशीनचं चाक हाताने थांबवलं. "ठिगळं तर आपल्या गल्लीत घरोघरी आहेत. सगळ्यांनाच निवडून द्यायचं का गं?"

५ मार्च
प्रचार कार्यालयात माझ्या टेबलावर माझ्या नावाची पाटी! आमच्या घरातली पहिलीच. आई म्हणाली, "धूळ बसू देऊ नकोस तिच्यावर."

७ मार्च
साहेबांनी बोलावलं. विरोधात डॉक्टरबाई उभ्या आहेत — पैसेवाल्या, घटस्फोट झालेल्या. "तुझी आई त्यांचे कपडे शिवते ना? विचार तिला, नवरा का सोडून गेला. पत्रकात टाकू — घर सांभाळता आलं नाही, ती गाव काय सांभाळणार!" सगळे हसले. मीही हसले, थोडंसं. आता लिहिताना कान गरम झालेत.

तरी आईला विचारलंच. तिने वरही पाहिलं नाही. "गिऱ्हाईकाचं माप बाहेर सांगायचं नसतं."

"अगं, माप कुठे विचारतेय?"

"तेच विचारतेयस. माप द्यायला बाई पडद्यामागे उभी राहते. पोट सुटलेलं असतं, डोळे सुजलेले असतात. ते सगळं मापच."

बावीस वर्षं शिवतेय ती. एकाही बाईची गोष्ट या खोलीबाहेर गेली नाही. चौथीत शाळा सुटलेली बाई! राज्यशास्त्राच्या तीन वर्षांत मला कुणी हे शिकवलं नाही. ऊर भरून आला. तिला सांगितलं नाही — म्हणाली असती, काज करायला बस.

८ मार्च
"आई काही बोलत नाही," म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, "मग रचून टाक तूच काहीतरी. शिकलेली आहेस ना!"

१० मार्च
साहेबांचा शर्ट आमच्या घरी! हात उंचावून उंचावून ठिगळाची कड सुटली, म्हणून ड्रायव्हर देऊन गेला. मी बाही उलटी केली. आतलं कापड अखंड. भोक नाही, विरलेलंही नाही. कोऱ्या शर्टावर ठिगळ! आणि टाके बारीक, तिरके — माझ्या शाळेच्या गणवेशावर होते, अगदी तेच.

"आई, हे तू लावलंस?"

"गिऱ्हाईक सांगेल ते शिवते."

"आणि मी वाचत होते तेव्हा गप्प बसलीस?"

"गप्प कुठे? विचारलं होतं की तुला."

मग मी बोलतच सुटले. साहेब गरिबीतून आलेत, हे खरं. वाचनालय दहापर्यंत उघडं ठेवायला लावलं तेही त्यांनीच. तिथे बसूनच मी पदवी घेतली. एवढं पुरत नव्हतं? डॉक्टरबाईंचं दुःख पडद्यामागचं, ते त्यांचं. पण हे ठिगळ स्टेजवरचं! आमची मतं मागायला शिवून घेतलेलं. हे कसलं माप?

आईने मशीनवरचा हात काढून घेतला.

१२ मार्च
पत्रक काल मीच छपाईला दिलं. घटस्फोटाची ओळ लिहिलीच नाही, ठिगळाची खोडली. वाचनालयाची तेवढी ठेवली.

आणि शर्टही पोचवला. मी ठिगळ उसवायला बसले तेव्हा आईने ब्लेड पुढे सरकवलं. इस्त्री तिने केली. साहेबांनी कोपर चाचपलं. "ठिगळ कुठाय?"

"खाली भोक नव्हतं, साहेब. उद्यापासून मी येत नाही."

पाटी उचलून घरी आणली. आईने मशीनच्या वर, भिंतीला ठोकली. मग बोट फिरवून पाहिलं.

"धूळ नाही," म्हणाली.