शिवरंजनीच्या अंगठीचा खडा

३ ऑगस्ट
लिहायचं लय दिवस टाळलं. आधी पेन नव्हता, मग मूड नव्हता. आजपासून नियमित.
धाकट्या बहिणीचा, शिवरंजनीचा, साखरपुडा ह्या महिन्याच्या शेवटी. अंगठीतला गार्नेट मीच पैलू पाडून देणार, असं पाहुण्यांसमोर बोललो. जयपूरला भटकत होतो तेव्हा आणलेला दगड. गडद लाल. पैलू पाडायचं मशीन घरात आहे. किरकोळ काम.

५ ऑगस्ट, दुपार
खडा घासून गोल केला. जाडच ठेवला, भारी दिसतो. लाईट गेली. पैलू उद्या. पाठ दुखायली.

८ ऑगस्ट
मशीनचा पट्टा सैल झालाय, नवा आणायला परभणीला निघालो. वाटेत मित्र बजरंग भेटला, त्याच्यासोबत पेडगावला गेलो. पट्टा राहिला.
शिवरंजनीनं खडा उन्हात धरला. म्हणाली, दादा, लाल म्हणला होतास, ह्यो तर कोळसा हाय, ब्लाऊजला बटन म्हणून लावू का?
मशीनवाल्याला फोन केला. तो म्हणाला, गडद गार्नेट बारीक अन् उथळ कापायचा, उजेड आरपार गेला पाहिजे. जाड ठेवला की काळाच दिसणार. त्याला काय जातंय बोलायला! एवढा दगड पाण्यात घालवायला जीव होत नाही.

१० ऑगस्ट
ठरलं. उद्या निम्मा घासणार. हरवू नये म्हणून देवघरात आईच्या विभूतीच्या वाटीत ठेवला.

११ ऑगस्ट, श्रावण सोमवार
उठायला उशीर. तोवर आईला वाटीत खडा सापडला. काळाभोर, गुळगुळीत. तिनं धुतला, विभूती लावली, बेल वाहिला. शेजारच्या बायनाबाईला सांगायली, महादेव आपल्या पायानं घरी आला बाई.
सांगणारच होतो. पण बाया जमल्या. कुणाची श्रद्धा मोडू नये. मशीनलाही आराम.

१३ ऑगस्ट
शिवरंजनीला कळलं. भांडली असती तर बरं होतं. हळूच म्हणाली, सासरचे लोक साधी अंगठी करायले होते, मीच म्हणलं, माझा दादा खडा देणार हाय. आता तिथं काय तोंड दाखवू?
म्हणालो, वेळ आहे. उद्या आईला सगळं सांगतो. जेवणानंतर, शांतपणे.

१४ ऑगस्ट, दुपार
आई जेवून आडवी झाली. उठली की सांगतो.

तासाभरानं
दारात गाडी थांबली. शिवरंजनीची होणारी सासू आलीय, सोबत सोनार, खड्याचं माप घ्यायला. आई त्यांना म्हणायली, बसा, आधी महादेवाचं दर्शन घ्या, तवर आमचा मल्लेश खडा आणतोय.