हात चालव, माही

३ मार्च, सोम.
आज शाळेत रुमाल धुवाचं काम. बारके बारके टब, बारका साबन. पोट्टे साडेतीन-चार वर्षांचे. मोठ्यानं मधात हात घालाचा नाई, हा मॅडमचा नियम. मॅडमनं फोटो काढून पोट्ट्यायच्या मायांले पाठवले, इवाननं रुमाल धुतला. पोट्टे गेल्यावर तेच रुमाल मी परत धुतले. साबन निघालाच नोता.
सात वर्षं झाले इथं, बेसा भागातल्या या शाळेत पोछा मारून राहिली. अजून समजलं नाई येवढं कवतिक कायचं.

५ मार्च
मॅडमले विचारून टाकलं, माह्या चार वर्षांच्या नातीले, माहीले, घेता का. "स्टाफसाठी एक जागा आहे, मावशी. चार दिवस बसवू, मग बघू."
सून, वैशाली, खुश. "आई, तिले शिकवून ठेवजा काईतरी."
काय शिकवू? भांडे घासते, तांदूळ निवडते, चादरीची घडी करते. इथं जे शिकवते ते माहीले सगळं येते.

१० मार्च, सोम.
माहीचा पयला दिवस. दारातून पाहत होती मी. किटलीतलं पानी पेल्यात ओतलं, थेंब नाई सांडला. राजमा-चने वेगळे केले. चटई गुंडाळून जाग्यावर. धा मिनिटांत सगळं. मग मॅडमच्या तोंडाकडे पाहत बसली.
इवान तेच पानी अर्धा घंटा ओतत होता. दोनदा सांडलं. मॅडम त्याच्याकडे पाहून हसत होती.
घरी येतानी माही म्हने, "आजी, त्याचं कामच नाई उरकत वं." भल्ली हसली मी.

११
इवाननं सांडलं, माहीनं लगेच फडका मारला. तो रडला. मॅडम म्हने ते त्याचं काम होतं, त्याला करू द्यायचं. माही म्हने, "पन ओलं होतं ना."

१२
माही लवकर उरकून हात मांडीवर ठेवून बसली. पूर्ण वेळ.

१३ मार्च
मॅडमनं ऑफिसात बोलावलं. "माही हुशार आहे, मावशी. पण ती काम संपवायला करते. रमत नाही. सारखं बघते, कुणी रागावतंय का."
म्हटलं, काम संपवासाठीच असते ना.
"एवढ्याशा मुलीला एवढी घाई कुठून आली?"
जागेचं म्हने विचार करून फोन करते.
घाई कुठून आली. सकाळी पाचले उठवते मी तिले. हात चालव माही, मायची हिंगण्याले कामाले जाची बस निघून जाईन. हात चालव, मले शाळेत जाचं. चालाले लागली तवापासून हेच आयकून राहिली.
वैशाली चिडली. "त्या पोट्ट्यायच्या घरी भांड्याले बाई आहे. त्यायले रमाले काय जाते?"
बरोबर आहे. पन मॅडम खोटं नाई बोलली, त्याचाच राग येते.

१८ मार्च, मं.
फोन नाई. मॅडम रोज गुड मॉर्निंग म्हनते, पुढं काई नाई. मी विचारत नाई.
संध्याकाळी माही मटर सोलून राहिली होती. भराभर. मी बाजूले जाऊन बसली. म्हटलं, "हळू कर. घाई नाई काई."
हात थांबले तिचे. माह्याकडे पाहे.
"काय चुकलं, आजी?"