चिठ्ठी नंबर तीनशे तेरा

मंगळवार, ११ तारीख

मामा,

नमस्कार. तू बरा असशील. आम्ही बरे आहोत.

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन तुला माहीतच आहे, आणि शाळा सुटल्यावर ते सुधारायचं काही कारण नव्हतं. टाइप मी एका बोटाने करते. एक अक्षर शोधायचं, दाबायचं, मग पुढचं कुठे लपलंय ते बघायचं. परवा ‘ज्ञ’ सापडेना, शेवटी वाक्यच बदललं. तुझं पत्र पाच मिनिटांत वाचून होईल, मला मात्र तीन-चार दिवस लागणार. हाताने लिहिणार होते, पण मग मी नुसती खोडत बसते. इथे खोडलेलं दिसत नाही.

फोन तू उचलत नाहीस. उचलला असतास तरी मी काय बोलणार होते म्हणा. दोघं नुसते कानाला लावून बसलो असतो.

आता बातम्या. आई ठीक आहे. मी सकाळी नऊ ते दोन शिंपीकाकांकडे जाते. काजं, बटणं, हातशिलाई, उसवायची कामं. काका म्हणतात, “दिवसाला चार शब्द बोलतेस, त्यातले दोन ‘हो काका’. असा माणूस शोधून मिळायचा नाही.” पाय बरा आहे. जिना उतरताना कुरकुरतो, बाकी मुकाट चालतो. आणि मी सायकल चालवते. हो. दचकू नकोस.

तीननंतर मी सायकलवाल्यांकडे असते. चमकदार कपडे घालून पहाटे शंभर किलोमीटर जातात ना, ते नव्हेत. ते वेगळे. आम्ही पिशवीवाले. कामाला जाणारे, भाजी आणणारे, पोराला मागे बसवून दवाखान्यात नेणारे. अशा माणसाला रस्त्यात थोडी जागा ठेवा, एवढंच मागायचं. त्यासाठी रस्ते मोजायचे, पालिकेला पत्रं लिहायची, उत्तर आलं नाही की परत लिहायची. छापखान्याच्या मागे एक खोली आहे. एक पंखा, हा कॉम्प्युटर, आणि भिंतभर शहराचा नकाशा. आई म्हणते, “पगार नाही आणि चहापण आपणच करायचा. वा रे नोकरी.” पण निघताना माझी बाटली भरून ठेवते.

मला तिथे नर्सताईने नेलं. आठवते ना, माझ्या वॉर्डातली, डबा कॅरियरला लावून सायकलवर यायची ती. ती युनिफॉर्मची बटणं लावून घ्यायला दुकानात आली आणि तिने मला ओळखलं. म्हणाली, “पाय दाखव.” गिऱ्हाइकांसमोर! मी आपली टेबलाखाली शिरायच्या बेतात. मग म्हणाली, “आणि तो बाकावरचा माणूस कसा आहे?”

मला कळेना.

“अगं, मोठ्या हातांचा. तू सतरा दिवस आत होतीस, तो सतरा दिवस बाहेर बाकावर. आत चला म्हटलं की म्हणायचा, नको, बहिणीला चालणार नाही. रोज एकच विचारायचा, पोरगी काही बोलली का?”

मामा, मला माहीत नव्हतं. मला वाटलेलं तू आलाच नाहीस.

त्या दिवशी मी तीन शर्टांना काजं उलट्या बाजूला केली. काकांनी ते शर्ट गुपचूप बाजूला ठेवले. त्यांचेही आभार मानायचे राहिलेत.

माझं इथलं काम चिठ्ठ्यांचं. दवाखाना, पंक्चरची दुकानं अशा ठिकाणी आम्ही खोके ठेवलेत. कुठे गाडी अंगाला घासून गेली, कुठे कोण पडलं, ते लोक लिहून टाकतात. मी ते कॉम्प्युटरवर चढवायचं, नंबर द्यायचा आणि नकाशावर टाचणी लावायची. मला जमतं, कारण चिठ्ठ्या बोलायला लावत नाहीत. लोक काय काय लिहितात! एकाने लिहिलं, “ट्रकने आरसा मारला. मला काही नाही, आरसा फुटला.” एका बाईने नुसतं, “रोजचंच आहे.” ठिकाण, तारीख काही नाही. तिला नंबर दिला, टाचणी कुठे लावणार? ती अजून माझ्या डबीत आहे.

आत्तापर्यंत तीनशे बारा झाल्या. त्यातल्या अकरा पाण्याच्या टाकीच्या वळणावरच्या.

हो, आपल्याच.

आमच्यात एक रस्तेवाले आजोबा आहेत. आयुष्यभर रस्ते बांधले, आता खिशात टेप घेऊन फिरतात. अकरा टाचण्या बघून म्हणाले, “चल, दुसरं टोक धरायला कुणीतरी लागेल.” मला जायचं नव्हतं. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, म्हणून गेले. टेप धरून मी गटाराच्या त्या झाकणापाशी उभी राहिले. फट अजून आहे. आजोबा म्हणाले, “तीन मीटर दहा. बस आरशांसकट तीन. राहिले दहा सेंटीमीटर. त्यात सायकलवाला कसा बसवायचा, घडी घालून?” मग टेप गुंडाळत म्हणाले, “हे वळण मीच आखलंय. तेव्हा मी फक्त बस मोजली होती. माझी चूक.”

इतक्या सहज, मामा. जसं कुणी म्हणतं, आज छत्री विसरली.

परत येताना म्हणाले, “रस्ता चुकणाऱ्या माणसासाठी बांधायचा असतो गं. न चुकणारा काय, कुठूनही जाईल.” मी सगळा वेळ त्यांच्या मागून सायकल हातात धरून चालत आले.

परवा, गुरुवारी, डेपोत एक कार्यक्रम आहे. तुझ्याच डेपोत. उरलेलं नंतर लिहिते. सांगायचं ते अजून आलेलंच नाहीये.

शुक्रवार, १४ तारीख

काल झालं.

पाच सायकली स्टँडला घट्ट बांधून ओळीने उभ्या केल्या होत्या. चाक फिरतं, सायकल जागची हलत नाही. त्यांच्यावर ड्रायव्हरांनी बसायचं, समोर बघत पायडल मारायचं, आणि मागून एक बस येऊन अगदी जवळून जाणार. मग तीच बस दीड मीटर सोडून. एवढंच. भाषण वगैरे काही नाही. नर्सताई म्हणते, भाषण ऐकून कुणी जागा सोडलेली तिने बघितली नाही.

सुरुवातीला नुसता दंगा. तुझा दोस्त पहिलवान चढायला लागला तर मागे बसमधून ड्रायव्हर ओरडला, “अरे, सायकलीचा विमा काढलाय का?” पहिलवान म्हणाला, “तू बस चालव नीट, मी मेलो तर तुझी रजा रद्द.” सगळे हसले.

मग बस गेली.

ती बस तशी हळूच गेली असेल. पण आवाज आधी येतो, मग वारा येतो, मग सगळं अंधारल्यासारखं होतं, आणि मग कळतं की गेली. पाची जणांचे पाय थांबले. कुणी हसेना. पहिलवानने टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाला, “दिसत नाही रे. मागून येते ना, दिसतच नाही. आपल्याला वाटतं त्याला दिसतंय.” आणि दुसऱ्यांदा दीड मीटरवरून गेली तेव्हा म्हणाला, “एवढंच? एवढंच सोडायचं होतं?”

नर्सताईने विचारलं, “कुणाला काही सांगायचंय?”

मी मागे पाण्याच्या पिंपापाशी ग्लास विसळत होते. एक ग्लास तर तीनदा विसळला. मग पुढे गेले. कशी गेले माहीत नाही. पहिलवान बघून म्हणाला, “अरे, ही तर त्याची भाची. घंटी ना तू?” हे नाव तू सोडून कुणी घेतलं की मला रडू येतं, हे मलाही कालच कळलं.

जे त्यांना सांगितलं तेच तुला लिहिते. तुला पहिल्यांदा सांगायला हवं होतं, पण समोर ते होते.

त्या दिवशी मागून तुझे दोन हॉर्न आले. पोंऽ पोंऽ, आपली खूण. वळून बघायची गरजच नव्हती. बाजूने वर्गातल्या दोघी चालल्या होत्या. वर्गात माझा आवाज कुणी ऐकला नव्हता. मला वाटलं, निदान हे तरी बघा, ही अख्खी बस माझ्या मामाची आहे. मी हात वर केले. दोन्ही, मामा. हँडल सोडलं. चाक झाकणाच्या फटीत गेलं आणि मी तुझ्या बाजूला पडले.

तू घासून नेली नव्हतीस बस. हॉर्नला घाबरून मी पडले नाही. मला आनंद झाला म्हणून मी पडले.

मग चौकशीचे ते साहेब फाइल घेऊन वॉर्डात आले. “बाळ, हॉर्नला दचकलीस का?” मी आईकडे बघितलं. हँडल सोडायचं नाही, नाहीतर सायकल बंद, हे तिने मला किती वेळा सांगितलेलं. मी गप्प बसले. ते “बरं” म्हणाले आणि ‘दचकली’ असं लिहून घेतलं. दोन वर्षं मी मनात म्हणतेय की मी खोटं बोलले नाही, मी बोललेच नाही. पण माझ्या गप्प बसण्याने तुझी बस गेली आणि आईचा भाऊ गेला. तू बाकावर बसून रोज विचारत होतास, बोलली का काही. मी बोलायला हवं होतं तेवढंच एक होतं. एक वर्ष बुडालं म्हणून मी शाळा सोडली असं सगळे समजतात. खरं म्हणजे त्या दोघी शाळेत होत्या. त्यांनी बघितलं होतं.

डेपोत हे सगळं सांगून झालं. मग पहिलवान म्हणाला, “तेव्हापासून इथे एकही जण सायकलवाल्याच्या मागे हॉर्न मारत नाही. तुझ्या मामाची आठवण म्हणून.” टोपी परत घातली. “कारण चुकीचं निघालं. सवय राहू दे.”

डेपोत आता नवे साहेब आहेत. ते म्हणाले, लिहून दे. मी इथे येऊन चिठ्ठीच्याच कागदावर टाइप केलं. ठिकाण, तारीख, वेळ, काय झालं. चिठ्ठी नंबर तीनशे तेरा. त्याची एक प्रत सोबत घातलीय. साहेब म्हणाले फाइल परत बघू, खात्री देत नाही. मीही तुला देत नाही. पण वळणावरची बारावी टाचणी मी स्वतः लावली. आजोबांनी बाराही दाखवून पालिकेला पत्र लिहिलंय. त्यात त्यांनी स्वतःचं नाव घातलंय, आणि माझं नाव चालेल का ते विचारलं. मी मान हलवली. ते म्हणाले, “तोंडाने.” मी म्हटलं, “हो.”

आईला संध्याकाळी सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकलं, एक चादर चार वेळा घडी केली, चार वेळा मोडली. मी म्हटलं, “रागाव तरी.” ती म्हणाली, “तुझ्यावर नंतर रागावते. आधी माझा स्वतःचा नंबर.” आणि मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. बाहेर आली आणि म्हणाली, “त्याला विचार, अजून उपाशी पोटी चहा ढोसतो का.” विचारायला सांगितलंय, म्हणून विचारते.

मामा, तुझे आभार मानायचे आहेत, पण मला एकाखाली एक लिहिता येत नाहीत. सगळ्यात आधी ते मैदान आठवतं. तू सीट धरून मागे धावत होतास. हात कधी सोडलास ते तू सांगितलंच नाहीस, आणि मला कळू नये म्हणून मुद्दाम मोठ्याने धापा टाकत बरोबर धावत राहिलास. मी अजून चढाला लागले की तुझ्या धापा ऐकू येतात. मग तो बाक, ते सतरा दिवस. आणि मी बोलले नाही तरी तू मला कधी विचारलं नाहीस, का नाही बोललीस. तुला माहीत होतं का? आरशात माझे हात दिसले होते का तुला? मला राहून राहून वाटतं, दिसले होते. आणि तू कुणाला सांगितलं नाहीस.

तसं असेल तर लिही. नसेल तरी लिही.

पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला परत कार्यक्रम आहे, या वेळी सगळ्या ड्रायव्हरांसाठी. दीड मीटर म्हणजे बरोबर दीड मीटर, ना कमी ना जास्त, अशी बस नेणारा हवाय. काल ज्याने चालवली त्याने एकदा पिंपच पाडलं. पहिलवान म्हणाला, “तसा हात आपल्याकडे एकच होता, आणि तो आता गोदामात खोकी मोजतोय.” तुझा पत्ता त्यानेच दिला. साहेबांना विचारलंय. एका दिवसासाठी, डेपोच्या आतल्या आत, ते चालेल म्हणाले.

ये. तू बस चालव. पहिल्या सायकलवर मी बसणार आहे, नाव देऊन झालंय. मागून येताना दोन हॉर्न वाजव, पहिलवानला मी समजावेन. मी वळून बघणार नाही. आणि ती सायकल स्टँडला घट्ट बांधलेली असते, पडायचा प्रश्नच नाही. म्हणून या वेळीही मी दोन्ही हात वर करणार आहे.

तुझी, आता थोडी वाजणारी,
घंटी

अरे, पाकीट बंद करता करता निरोप आला, शिंपीकाकांना जुळ्या नाती झाल्या! काका भर दुकानात गळ्यातल्या टेपसकट नाचले म्हणे, आणि आज अर्धा दिवस सुट्टी.