आठ चमचे

१ मे १९९४, रविवार

ग्रेव्ही पुन्हा पाणचट! मटणाचा रोस्ट झकास, बटाटे खरपूस, भोपळासुद्धा छान भाजलेला — आणि वरून ओतली तर ताटभर तपकिरी पाणी. नवऱ्याने, केल्विनने, पावाने पुसून खाल्लं. सासूबाई, एव्हिस, मात्र बोलल्याच. "रेविन, तुमच्या न्यूझीलंडात अशीच करतात का गं?" हसत हसत. पण बोलल्या.

मैद्याचं प्रमाण त्यांनीच सांगितलेलं! मी काय पदरचं पाणी ओतलं?

लग्न करून या देशात आले त्याला दोन वर्षं झाली, रविवारचं जेवण इतके दिवस त्यांच्याच घरी. मार्चमध्ये त्या परसात पडल्या, मनगट मोडलं, आणि ते जेवण आलं माझ्या गळ्यात. चव्वेचाळिसाव्या वर्षी नव्या सुनेची परीक्षा! माझ्या आईच्या वहीतलं काहीही करते, कधी बिघडत नाही. एव्हिसचं काही करायला घेतलं की पातळ. का?

३ मे

आज गावात जाऊन एव्हिसकडून व्हॅनिला स्लाइसची, म्हणजे घट्ट कस्टर्डच्या वड्यांची, कृती घेतली. रविवारी मदर्स डे. म्हटलं, त्यांचीच स्लाइस करून त्यांच्यापुढे ठेवावी. गावच्या प्रदर्शनात अकरा वेळा पहिली आलेली आहे ती. हात प्लास्टरमध्ये, डोळे मिटलेले, आणि पाढे म्हणावेत तसं सांगत होत्या — दूध एक लिटर, साखर एक कप, कॉर्नफ्लोअर आठ मोठे चमचे, कस्टर्ड पावडर सहा. लोणी. खाली-वर खुसखुशीत पापुद्रे, त्यावर पॅशनफ्रुटचं आयसिंग. कुठे लिहिलेलं नाही. "लिहायचं कशाला? डोक्यात आहे."

मग एकदम म्हणाल्या, "ग्लेनिसला सांग. तिला वाटतं माझ्या डोक्यात काही उरलं नाही."

ग्लेनिस म्हणजे माझी नणंद. मिल्ड्युराला असते. तिने तिथल्या वृद्धाश्रमात आईचं नाव घालून ठेवलंय, आता खोली रिकामी होतेय. केल्विनचं म्हणणं एकच — आईचं मनगट मोडलंय, डोकं शाबूत आहे, तिला तिच्या घरात राहू दे. मलाही तेच वाटतं.

८ मे, मदर्स डे

फजिती! फजिती! फजिती!

रात्रभर फ्रिजमध्ये होती. वरून इतकी देखणी दिसत होती. सगळ्यांसमोर सुरी घातली आणि पिवळा चिखल चारी बाजूंनी बाहेर. वरचा पापुद्रा एका अंगाला घसरत गेला, मी बोटाने धरून ठेवला! शेवटी वाट्या आणल्या, चमच्याने खाल्लं. केल्विन म्हणाला, "चव छान आहे." यापेक्षा शिवी परवडली.

ग्लेनिस आली होती. तिने वाटी बाजूला ठेवली. "आई, नीट सांगितलंस ना हिला?"

"आठ आणि सहा." एव्हिस ताठ बसलेल्या.

"नक्की?"

"मी पन्नास वर्षं करतेय, ग्लेनिस."

ग्लेनिसने केल्विनकडे पाहिलं. ते मला आवडलं नाही.

१० मे

परत केली. परत चिखल. जिपची चंगळ! असला गोडखाऊ कुत्रा मेंढ्या काय वळणार.

१४ मे

एव्हिसना फोन केला. "पातळ होते? मग नऊ घाल बाई, तुमच्या दुधाला काहीतरी झालं असेल." नऊ घातले. कापली तर हळूहळू बसली, म्हातारं मेंढरू बसतं तशी.

दुकानवाली मिसेस हॉब्ज भेटली. तिला सांगितलं तर डोळा मारून म्हणाली, "प्रदर्शनवाल्या बायका अशाच! कृती मागितली की एखादी गोष्ट गाळून सांगतात. माझ्या मावशीने तर स्कोन्सची खरी कृती पोटच्या मुलीलाही दिली नव्हती."

असं असेल? मला मुद्दाम तोंडघशी पाडतायत? घरी आल्यावर केल्विनला विचारलं. पेरणीच्या धुळीने माखलेला, बूट काढता काढता म्हणाला, "आई तसली नाही." बस्स. विषय संपला. माझा कुठे संपला?

१९ मे

त्यांचा लिंबाचा चीजकेक केला. जिलेटीन त्यांनी सांगितलं तेवढंच, चमचा सपाट करून. धरलाच नाही! मग चिडून आईच्या वहीतला आल्याचा केक केला. एकदम पहिल्यासारखा, माझ्या लहानपणी न्यूझीलंडात, टिमारूला व्हायचा तसा.

म्हणजे माझा हात ठीक आहे. ओव्हन ठीक आहे. मग बिघडतंय ते कुठे? एक तर त्या लपवतायत, नाही तर... दुसरं लिहवत नाही.

२२ मे, रविवार

आज सरळच विचारलं. भांडी घासताना, त्या शेजारी स्टुलावर.

"एव्हिस, खरं सांगा. कॉर्नफ्लोअर किती?"

"आठ."

"मग परवा नऊ का म्हणालात?"

"तू म्हणालीस पातळ होतं, म्हणून."

"नऊनेही पातळच होतं!"

त्या डाव्या हाताची बोटं मोजायला लागल्या. "मग दहा असतील... नाही गं. आठच. दहा कसे असतील?" आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू उत्तर मलाच माहीत आहे. मला दया यायला हवी होती. राग आला! एवढ्या स्लाइस कुत्र्याला घातल्यावर माणसाला राग येणारच.

आणि त्याच रागात ग्लेनिसचा फोन आला. बोलून गेले — "तुझ्या आईला आकडा आठवत नाही. आठ म्हणते, नऊ म्हणते, दहा म्हणते."

ती मग म्हणाली, "हे तू सांगितलंस ते बरं झालं, रेविन. मी सांगितलं तर केल्विनला वाटतं मी आईला घालवायला टपलेय."

फोन ठेवल्यापासून कशात लक्ष नाही. बोलायला नको होतं का? पण खोटं काय बोलले?

२९ मे, रविवार

आज एव्हिसच म्हणाल्या, "मी बसते समोर. तू कर." प्लास्टर निघालंय, पण मनगटात जोर नाही. मोतीबिंदूमुळे खुर्ची खिडकीजवळ हवी होती, तिथे बसवलं. मी चमचा भरायचा, सुरीने सपाट करायचा, मोठ्याने मोजायचं. त्यांनी माझ्याबरोबर मोजलं. एक... दोन... आठापर्यंत. दोघींच्या तोंडून एकदम आठ! हसलोसुद्धा. कस्टर्ड पावडरचे सहा तसेच. केव्हा ढवळायचं, केव्हा उतरवायचं, सगळं त्यांच्या हुकमाने. म्हणाल्या, "आता बघ, कशी उभी राहते ती."

चार तास थांबलो. पत्ते खेळलो, दोन्ही डाव त्यांनीच जिंकले. मग कापली.

नाही राहिली उभी.

त्या उठून जवळ आल्या, ताटलीत वाकून पाहिलं. सुरीच्या टोकाने तो ओघळ मागे लोटायला लागल्या, दोनदा, तीनदा. मग सुरी ठेवली.

"मग माझंच चुकतंय," म्हणाल्या. "मला वाटत होतं मला आठवतंय."

मी म्हटलं, असू दे हो, एक स्लाइस तर आहे. त्या म्हणाल्या, "एक कशी? ग्रेव्ही. चीजकेक. आता ही. आणखी काय काय विसरलेय, मला काय माहीत? गॅस बंद केला असं वाटतं मला रोज."

मला काहीच कळेनासं झालंय. लपवत नव्हत्या, एवढं नक्की. मग माझा तर्क खरा ठरला ना?

५ जून

जेवताना एव्हिसनी काटा खाली ठेवला. "ग्लेनिसला कळवा. मी जाते."

केल्विन म्हणाला, "आई, तुला कोणी घालवत नाहीये."

"मीच जातेय. घर पेटवून देण्याआधी गेलेलं बरं." आवाज अगदी साधा. केल्विन ताट तसंच टाकून शेडकडे गेला. त्याच्यामागे मला जाववेना. कोणत्या तोंडाने जाणार?

१८ जून

त्यांना मिल्ड्युराला सोडून आलो. दोन बॅगा, एक खुर्ची. गाडीत बसण्याआधी माझ्या हातात किल्ली दिली. "स्वयंपाकघरातलं हवं ते तू घे, पोरी. मला आता काय करायचंय." घर जुलैपासून शाळेच्या नव्या मास्तरांना भाड्याने दिलंय. दोन वर्षांचा करार.

२७ जून

चमचे समोर ठेवून लिहितेय.

एव्हिसच्या स्वयंपाकघरातून भरून आणलेलं खोकं आज उघडलं. त्यांचे मोजायचे चमचे माझ्या चमच्यांजवळ खणात ठेवायला गेले. माझे आईचे, टिमारूहून आणलेले. ठेवताना माझा मोठा चमचा त्यांच्या मोठ्या चमच्यात जाऊन बसला. आत! कडेला चांगली जागा राहिली.

लहान चमच्याने पाणी भरून पाहिलं. माझ्यात तीन मावले. त्यांच्यात चार.

परत पाहिलं. परत तेच. गाडी काढली, दुकानात गेले, नवा संच उघडायला लावला. त्यावरही — मोठा चमचा, वीस मिलीलीटर. माझ्यावर पंधरा! तिकडचा, न्यूझीलंडचा चमचा लहान, इकडचा मोठा. आणि हे मला कोणी सांगायचं? मिसेस हॉब्जला विचारलं तर म्हणाली, "चमचा तो चमचा!"

घरी येऊन त्यांच्या चमच्याने केली. आठ आणि सहा. संध्याकाळी कापली. सुरीमागे भिंत उभी राहावी तशी उभी राहिली. मी ओट्याला टेकून रडले.

त्या काहीच विसरल्या नव्हत्या. एकही आकडा नाही. मीच त्यांना विसरायला लावलं.

२८ जून

केल्विनला दोन्ही चमचे दाखवले. ग्लेनिसला फोनवर काय बोलले होते, तेही सांगितलं. बराच वेळ चमचे एकात एक घालत-काढत बसला. शेवटी म्हणाला, "मास्तरांनी आईच्या घरात सामान आणून टाकलंय, रेविन." मग म्हणाला, "आपल्याकडे मागची खोली आहे." रागावला असता तर बरं वाटलं असतं. एव्हिसना रविवारी आणायचं ठरलं. मागच्या खोलीतलं सगळं बाहेर काढलं, भिंती पुसल्या.

३ जुलै, रविवार

स्लाइस नेली, दोन्ही चमचे नेले. त्यांच्या टेबलावर पाणी ओतून दाखवलं — तीन, चार. पुन्हा — तीन, चार. चूक माझी, एव्हिस, तुमची नाही, घरी चला! त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "गुणी आहेस गं. मला बरं वाटावं म्हणून केवढा खटाटोप केलास." केल्विननेही सांगून पाहिलं. त्यालाही तसंच थोपटलं.

तेवढ्यात चहावाली आली. "साखर किती, एव्हिस?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "रेविन, मी किती घेते गं?"